नेरुळला ॲडमिशन झालीये: कॉलेजचं हॉस्टेल घेऊ, मैत्रिणीसोबत फ्लॅट, की ठाण्याला आत्याकडे राहू?

बार्शीची_पोरगी

नमस्कार सगळ्यांना. मी बार्शीची, यंदा बारावी झाली, इंजिनियरिंगच्या कॅप राऊंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेशफेरी) नेरुळच्या एका कॉलेजला कॉम्प्युटरला सीट मिळालीये आणि ती फ्रीझ, म्हणजे पक्की पण केलीये. मुलींची फीमाफी लागू झाली म्हणून ट्यूशन फीचं टेन्शन गेलं, पण राहण्या-जेवणाचा खर्च त्यात धरत नाहीत आणि घरात आता रोज रात्री जेवताना तोच विषय चालू आहे.

तीन पर्याय आहेत. एक, कॉलेजच्या कॅम्पसमधलंच मुलींचं हॉस्टेल, एका खोलीत तिघी, मेस कम्पल्सरी, वर्षाचे पैसे दोन हप्त्यांत भरायचे. दोन, माझी अकरावी-बारावीची मैत्रीण आहे, तिला पण नेरुळलाच पण दुसऱ्या कॉलेजला मिळालंय, ती म्हणते जुईनगरला वन बीएचके घेऊ, अजून दोघी शोधू, स्वस्तात पडेल आणि रात्री नऊच्या आत या वगैरे काही भानगड नाही. तीन, माझी आत्या ठाण्याला राहते, घोडबंदर रोडला कासारवडवलीला, टू बीएचके आहे, तिची मुलं लहान आहेत आणि ती अगदी मनापासून म्हणतेय की माझ्याकडेच राहा, घरचं माणूस असताना बाहेर कशाला पैसे घालवता. बाबांना आत्याकडेच बरं वाटतंय, आईला हॉस्टेल, आणि मैत्रीण रोज फोन करून विचारतेय की ठरलं का.

मी आजपर्यंत घराबाहेर कधीच राहिलेली नाही. अनोळखी मुलींबरोबर एका खोलीत वर्ष काढायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मला खोलीत लाईट चालू असला की झोप लागत नाही आणि मी पहाटे उठून अभ्यास करणारी आहे. हॉस्टेलच्या फॉर्मवर रूममेट प्रेफरन्स म्हणून रकाना आहे, तिथे नक्की काय लिहायचं तेही कळत नाहीये. ज्यांनी स्वतः हे सगळं केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, मी सगळं आई-बाबांना वाचून दाखवणार आहे.

खिडकीजवळचा_बेड

अगं मी नेरुळलाच चार वर्षं हॉस्टेलवर होते, आत्ता पुण्याला जॉब करते. पहिलं वर्ष हॉस्टेल घे. दुसऱ्या वर्षी हवं तर फ्लॅटचं बघ, पण पहिलं वर्ष हॉस्टेलच.

कारण सांगते. पहिल्या सेमला मॅथ्स, मेकॅनिक्स, ग्राफिक्सची शीट, वर्कशॉपचा जॉब, प्रत्येक प्रॅक्टिकलचं जर्नल, हे सगळं एकदम अंगावर येतं आणि यातलं निम्मं काम वर्गात कळतच नाही, ते कळतं रात्री जेवण झाल्यावर शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या बेडवर बसून. सबमिशनच्या आठवड्यात कुणाकडे ग्राफिक्सची शीट काढायचा ड्राफ्टर नसतो, कुणाची सही राहिलेली असते, कुणाला प्रोग्राम रन होत नसतो, आणि हॉस्टेलवर या प्रत्येक गोष्टीला कुणीतरी सापडतंच. वरच्या वर्षाच्या मुली मागच्या वर्षीचे पेपर देतात, कुठल्या सरांना जर्नल कसं लागतं ते सांगतात. फ्लॅटवर तुम्ही चौघी असाल आणि त्यातली तुझी मैत्रीण तर दुसऱ्याच कॉलेजची, तिचं टाईमटेबल वेगळं, तिच्या परीक्षा वेगळ्या, तू परीक्षेच्या तोंडावर असशील तेव्हा तिची सुट्टी चालू असेल.

पण कुठलंही हॉस्टेल डोळे झाकून घेऊ नकोस, आई-बाबांना घेऊन एकदा बघून ये आणि शक्यतो संध्याकाळी सात-साडेसातला जा. सकाळी ऑफिसवाले नीट आवरलेली खोली दाखवतात. संध्याकाळी मेस चालू असते, मुली आलेल्या असतात, त्यांच्याशी पाच मिनिटं बोलली तरी सगळं कळतं. त्यांना विचार की पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, गरम पाणी मिळतं का, एका मजल्यावर बाथरूम किती आणि सकाळी आठला तिथे रांग किती असते, कपडे कुठे वाळत घालतात. हसू नकोस, नवी मुंबईच्या पावसात जून ते सप्टेंबर कपडे वाळवणं हा रोजचा प्रश्न असतो, कपाटातल्या चांगल्या कपड्यांवर पण बुरशी येते. मेस रविवारी रात्री चालू असते का ते विचार, बऱ्याच ठिकाणी बंद असते. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, सामान ठेवू देतात का, पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, राहता येतं का. आणि मध्येच हॉस्टेल सोडलं तर पैसे परत मिळतात का हे ऑफिसात विचार आणि ते नियमाच्या कागदावर कुठे लिहिलंय ते दाखवायला सांग, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

इनटाईमचं, म्हणजे रात्री किती वाजेपर्यंत परत यायचं त्याचं पण नीट बघ. नुसतं नऊ की दहा एवढंच बघायचं नसतं, उशीर झाला तर काय करतात, घरी फोन जातो का, लायब्ररीत उशिरापर्यंत बसायला वेगळी परवानगी मिळते का, टेक फेस्टच्या दिवसांत काय. माझी चुलत बहीण आत्ता नेरुळलाच हॉस्टेलवर आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला ना, ती फायनल तिथल्याच डी. वाय. पाटील स्टेडियमला होती, पावसामुळे उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालली. या पोरींना इनटाईममुळे जाता आलं नाही, पण हॉस्टेल सांभाळणाऱ्या रेक्टर मॅडमनी मेसमध्ये प्रोजेक्टर लावून दिला आणि अख्खं हॉस्टेल रात्री बारापर्यंत तिथे बसलं होतं. रेक्टर कशा आहेत ते मुलींकडून काढून घे, फी आणि बिल्डिंगइतकीच ती गोष्ट महत्त्वाची आहे.

रॅगिंगचं आई विचारेलच. २००९ च्या यूजीसीच्या नियमात फर्स्ट इयरच्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायचं असं आहे, तर तुमच्या कॉलेजला तसं आहे का विचारा. तू आणि पालक दोघांना अँटी रॅगिंगचं हमीपत्र भरावं लागतं. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, टोल फ्री, चोवीस तास. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेव.

नऊ_नंबर_प्लॅटफॉर्म

मी ठाणेकर, मानपाड्याला राहतो, नेरुळला रोज अप-डाऊन करून डिग्री केली. आत्याकडे राहण्याबद्दल मी बोलू शकतो.

ट्रेनचा भाग सोपा आहे. ट्रान्स हार्बर ठाण्यावरूनच सुटते, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून, नेरुळला साधारण अर्धा-पाऊण तासात सोडते आणि कॉलेजच्या वेळेला लेडीज डब्यात तुला जागाही मिळेल. फक्त इंडिकेटर बघून चढायचं, वाशी लिहिलेली गाडी तुर्भ्यावरून सानपाडा-वाशीकडे जाते, आपल्याला पनवेल किंवा नेरुळ लिहिलेली पाहिजे. मुलींना ग्रॅज्युएशनपर्यंत घर ते कॉलेज सेकंड क्लासचा पास फुकट असतो, कॉलेजच्या ऑफिसमधून फॉर्म घ्यायचा, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही.

खरा त्रास कासारवडवली ते ठाणे स्टेशन. नकाशात ते अंतर फार वाटत नाही, म्हणून बार्शीत बसून बाबांना कळणार नाही, पण घोडबंदर रोडला सकाळी निघालं की कधी वेळेत पोचतो तर कधी कापूरबावडीच्या आधीच बस जागेवर उभी. पावसात रस्त्याला खड्डे पडले आणि वर गायमुखला एखादा ट्रेलर बंद पडला की काय होतं ते आत्याला विचार, तीच सांगेल. म्हणजे तुला रोज जास्तीचा वेळ हाताशी धरूनच निघावं लागणार, साडेआठ-नऊचं लेक्चर असेल तर घरातून साडेसहाला बाहेर. पाचला प्रॅक्टिकल संपलं की घरी पोचायला साडेसात-आठ, आणि नेरुळ स्टेशनपासून कॉलेज, आत्याच्या स्टॉपपासून बिल्डिंग हे वेगळंच. माझं घर स्टेशनला तुझ्यापेक्षा जवळ होतं तरी मला संध्याकाळी कॉलेजात थांबून काही करणं जमलं नाही, कोडिंग क्लबच्या मीटिंगा सहानंतर असायच्या त्या सगळ्या गेल्या. आणि रविवारी सबमिशनच्या ग्रुपला भेटायचं ठरवलं की मेगाब्लॉक.

पण आत्याला नाही म्हणू नका, तिला दुसऱ्या कामाला लावा. हॉस्टेलच्या फॉर्मवर लोकल गार्डियन भरावा लागतो, बार्शीहून आई-बाबा लगेच येऊ शकणार नाहीत, आजारी पडलीस, सही लागली, खोली रिकामी करायची वेळ आली तर आत्याच येणार आहे. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार तिच्याकडे जा, घरचं जेवण होईल, मुलांना पण ताई मिळेल. बाबांनी तिला फोनवर असं सांगावं की पोरगी हॉस्टेलला राहील पण तिची जबाबदारी तुझ्यावर टाकतोय. मी हे मनापासून सांगतोय, नातेवाईकांकडे चार वर्षं पूर्णवेळ राहिलं की दोन्हीकडून छोट्या छोट्या गोष्टी साठत जातात, टीव्ही कुणाचा लागतो, किचनमध्ये हात किती लावायचा, उशीर झाला की फोन, आणि तक्रार कुणीच बोलून दाखवत नाही कारण नातं मध्ये येतं. आत्या प्रेमाने बोलावतेय तर ते प्रेम चार वर्षांनी पण तसंच राहायला हवं.

जुईनगरच्या_काकू

बाळा, जुईनगरला आमचा एक फ्लॅट बरीच वर्षं विद्यार्थ्यांनाच भाड्याने देतो, तेव्हा घरमालकाच्या बाजूने चार गोष्टी सांगते.

आधी हे सांग, तुझं वय १८ पूर्ण झालंय का? नसेल झालं तर भाड्याचा करार तुझ्या नावावर होतच नाही, बाबांच्या नावाने करावा लागेल आणि त्यांना त्यासाठी आधार आणि अंगठा द्यावा लागेल. आता ते ऑनलाईन होतं, एजंट घरी मशीन घेऊन येतो. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे हाच भाड्याचा करार रजिस्टर करणं आपल्या राज्यात सक्तीचं आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे, आणि रजिस्टर करण्याची जबाबदारी घरमालकाची असते. मालक म्हणाला की नुसतं नोटरी करून देतो, अकरा महिन्यांचं तर आहे, तर ऐकू नका. अकरा महिने असो नाहीतर तीन वर्षं, रजिस्टर पाहिजेच. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती पण द्यायची असते, ती पण मालकानेच. जो मालक या दोन गोष्टी टाळतो तो पुढे डिपॉझिट परत करताना पण टाळणार, माझा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे.

आमच्या भागात जुन्या सिडकोच्या बिल्डिंगा पुष्कळ आहेत. भाडं कमी असतं म्हणून मुलं घेतात आणि पहिल्या पावसात छतातून गळायला लागतं. तुम्ही आत्ता पावसातच बघायला येणार आहात ते चांगलंय, भिंतीच्या कोपऱ्यात आणि बाथरूमच्या खालच्या बाजूला ओल आहे का बघा, सगळ्यात वरचा मजला असेल तर टेरेसवर वॉटरप्रूफिंग केलंय का विचारा. सोसायटीचं पण विचारा. बऱ्याच सोसायट्या बॅचलर मुलामुलींना घेतात पण नंतर कुणी भेटायला आलं की वॉचमन वहीत नोंद करतो, रात्री आवाज झाला की तक्रार येते. तेव्हा फ्लॅटवर कुणाचं बंधन नाही असं जे मैत्रीण म्हणते ते पूर्ण खरं नाही हो. रेक्टर नसली तरी शेजारी असतात, आणि माझ्यासारखी मालकीण पण असते.

फ्लॅट घेणारच असाल तर प्रत्येकीच्या घरून डिपॉझिटचा वाटा वेगळा बँकेतून यावा. एकीनेच सगळं भरलं आणि बाकीच्यांनी तिला रोख दिले, असं झालं की शेवटी कुणाचे किती हे भांडण ठरलेलं. पण मला विचारशील तर माझी मुलगी असती तर मी पहिल्या वर्षी हॉस्टेललाच ठेवली असती.

घणसोली_चौथा_मजला

मी सध्या थर्ड इयरला, घणसोलीला आम्ही चौघं फ्लॅट घेऊन राहतो, सेकंड इयरपासून. वरचे सगळे हॉस्टेल म्हणतायत आणि पहिल्या वर्षासाठी मी पण तेच म्हणतो, पण फ्लॅट वाईट नसतो हे सांगायला आलोय, फक्त तो कधी आणि कुणाबरोबर घ्यायचा हे महत्त्वाचं.

आम्ही चौघं एकाच वर्गातले, वर्षभर हॉस्टेलला एकमेकांना बघितलेलं. कोण रात्री जागतो, कोण उधारी विसरतो, कोण भांडी घासतो, हे आधीच माहीत होतं. मग ठरवून घेतलं. महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाने सारखे पैसे एका खात्यात टाकायचे, त्यातून लाईट बिल, गॅस, दूध, वायफाय, झाडू-फरशीवाल्या मावशी. जेवणाचा डबा ज्याचा त्याचा वेगळा, कारण एकजण आठवड्यातून चार दिवस बाहेर खातो, त्याच्याकडून पूर्ण महिन्याचे कसे घेणार. वैयक्तिक वस्तू, म्हणजे शांपू, तूप, घरून आलेला चिवडा, याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हे पण बोलून ठरवलं, बोलायला लाज वाटली तेव्हा, पण बरं झालं बोललो.

आणि आम्ही एक कागद केला ज्यावर सगळे हसले होते पण त्याच कागदामुळे आम्ही आजही एकत्र आहोत. त्यात लिहिलं की करार संपायच्या आत कुणी सोडून गेलं तर त्याने आपल्या जागी दुसरा माणूस आणायचा आणि तो बाकी तिघांना पटला पाहिजे, तोपर्यंत त्याचा भाड्याचा वाटा त्यानेच द्यायचा. फ्लॅटमध्ये सगळ्यात मोठा घोळ हाच होतो, हॉस्टेलला एकजण गेला तर बाकीच्यांच्या फीत फरक पडत नाही, फ्लॅटमध्ये लगेच तिघांवर बोजा येतो. सेकंड इयरच्या दुसऱ्या सेमला आमच्यातला एक घरच्या अडचणीमुळे गेला, त्याने स्वतः ज्युनियर शोधून दिला आणि आजही तो आमच्याकडे राहायला येतो. कागद नसता तर त्या महिन्यात मैत्री तुटली असती.

तुझ्या मैत्रिणीबद्दल, तिला वाईट वाटेल म्हणून फ्लॅट घेऊ नकोस. अजून दोघी शोधू म्हणतेय म्हणजे त्या दोघी कोण हे अजून ठरलेलंच नाही, मग अनोळखी मुलींसोबत राहण्याची जी भीती तुला हॉस्टेलची वाटतेय ती फ्लॅटवर पण आहेच, फक्त तिथे काही बिनसलं तर रेक्टर नाही, खोली बदलून मिळत नाही, आणि करारावर तुझ्या बाबांची सही.

आटपाडी_एक्सप्रेस

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बाबा अल्पभूधारक शेतकरी असतील किंवा आई-बाबांपैकी कुणी नोंदणीकृत मजूर असेल तर महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या अर्जांची सरकारी वेबसाईट) डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, इंजिनियरिंगला चालतो. एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, नवी मुंबई-ठाण्यासाठी वर्षाला ६० हजार. एसटीसाठी स्वयम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. अटी वेगवेगळ्या आहेत, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. आणि हॉस्टेलची पावती, फ्लॅट असेल तर रजिस्टर करारनामा, हे कागद अर्जाला लागतात, म्हणून काकूंनी सांगितलेली नोंदणी इथे पण कामाला येते. मी स्वतः भत्त्यावर शिकलो. पैसे उशिरा जमा होतात, त्याच्या भरवशावर पहिला हप्ता ठरवू नका पण अर्ज चुकवू पण नका.

बार्शीची_पोरगी

काय बोलू, सगळ्यांचे खूप आभार. सगळं बाबांना वाचून दाखवलं, ट्रेलरचं वाचल्यावर त्यांनी स्वतःच आत्याला फोन लावला. ती म्हणाली घोडबंदरचं खरंच आहे, मीच मोह धरला होता. लोकल गार्डियन म्हणून तिचं नाव टाकलंय, ती खूश आहे. काकू, १८ ला अजून वेळ आहे माझ्या, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पंजाबराव देशमुखचा अर्ज करणार आहोत, बाबा अल्पभूधारकच आहेत.

शनिवारी हॉस्टेल बघून आलो, संध्याकाळीच गेलो. मुलींनी सांगितलं पाणी सकाळ-संध्याकाळ व्यवस्थित असतं, रविवारी रात्री मेस बंदच असते, गीझर आहे पण साडेसहानंतर गेलं तर गार पाणी. मी तर पाचलाच उठते. रेक्टर मॅडम आईशी अर्धा तास बोलल्या.

मैत्रिणीला सांगितलं, ती दोन दिवस बोलली नाही. आता तिने पण तिच्या कॉलेजच्या हॉस्टेलचा फॉर्म भरलाय पण मनात राग आहे असं वाटतं.

आता एकच राहिलं. रूममेट प्रेफरन्सचा रकाना अजून रिकामा आहे, परवा शेवटची तारीख. आणि समजा दोघी परराज्यातल्या आल्या, माझं हिंदी फार काही चांगलं नाही, त्या नॉनव्हेज खाणाऱ्या असल्या आणि आमच्या घरी अजिबात चालत नाही, तर पहिल्याच दिवशी हे सगळं कसं बोलायचं? उद्धट वाटणार नाही का? आणि लाईटचं?

खिडकीजवळचा_बेड

वा, संध्याकाळी गेलीस ते फार छान केलंस.

रकान्यात कुणाचं नाव टाकू नकोस, ओळखीचं कुणी नाहीच तर उगाच गावाचं किंवा जिल्ह्याचं पण लिहू नकोस. सवयी लिही. रात्री साडेदहाला झोपते, पहाटे पाचला उठते, शाकाहारी, खोलीत शांतता लागते. एवढंच. खोल्या लावताना हॉस्टेलवाल्यांना तेवढं पुरतं आणि निदान लवकर झोपणाऱ्या मुलींमध्ये टाकतात. माझी पहिली रूममेट सिलीगुडीची होती, दुसरी चाळीसगावची. चाळीसगाववालीची भाषा एक असूनही आमचं पहिले दोन महिने अजिबात जुळलं नाही, कारण ती रात्री दोनपर्यंत फोनवर. सिलीगुडीवालीला मराठी शून्य, माझं हिंदी तुझ्यासारखंच, पण दोघी लवकर झोपणाऱ्या, त्यामुळे एक दिवस पण त्रास झाला नाही. हिंदी महिन्याभरात येतंच, कॅन्टीनवाल्याशी बोलून येतं.

बोलायचं कधी, तर पहिल्याच रात्री, सामान लावून झाल्यावर, राग यायच्या आधी. नंतर बोललीस तर ती तक्रार वाटते, आधी बोललीस तर नुसती माहिती असते. आधी त्यांना विचार, तू किती वाजता झोपतेस, तुला अभ्यासाला काय लागतं, मग तुझं सांग. लाईटचं असं कर, ट्यूबलाईट अकराला बंद, त्यानंतर ज्यांना जागायचंय त्यांनी आपला टेबल लॅम्प भिंतीकडे तोंड करून लावायचा, आणि पहाटे पाचला तू पण ट्यूब लावायची नाहीस, तू पण लॅम्पच वापरायचा. अलार्म एकदाच वाजला पाहिजे, उशीखाली मोबाईल व्हायब्रेटवर ठेव. तू स्वतःवर पण तेवढंच बंधन घातलंस की समोरची नाही म्हणत नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी आणि इअरप्लग दोन्ही घेऊन ये, केमिस्टकडे मिळतात.

नॉनव्हेजचं, मेसमध्ये कोण काय खातं त्याच्याशी आपला संबंध नाही, खोलीत बाहेरून आणून खाल्लं तर मला वासाचा त्रास होतो, मेसमध्ये किंवा टेरेसवर खाशील का, असं सरळ विचार. आमच्याकडे चालत नाही असं म्हणू नकोस, त्यात तुमचं खाणं खालच्या दर्जाचं असा अर्थ निघतो आणि मुली दुखावतात. सिलीगुडीवाली मासे खायची, ती नेहमी बाहेर खाऊन यायची आणि मी तिला घरची शेंगाचटणी द्यायचे, तुझ्या आईला सांग दोन डबे जास्त दे, सोलापूरकडची म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात अख्खा मजला खोलीत येणार आहे.

मैत्रिणीचा राग जाईल. कॉलेज सुरू झाल्यावर एका रविवारी रात्री, मेस बंद असेल तेव्हा, तिला घेऊन सीवूड्सला नाहीतर वाशीला जेवायला जा, तलावाकाठच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत चक्कर मारा. रोज एका किचनमध्ये नसलात तर बोलायला विषय पण भरपूर राहतील.

आणि शेवटचं, जुळलंच नाही तर गप्प बसून सहन करू नकोस. बहुतेक हॉस्टेलांत पहिल्या महिन्या-दीड महिन्यात खोली बदलून देतात, नंतर सगळ्या खोल्या भरल्या की अवघड होतं. आधी रूममेटशी बोल, मग रेक्टर मॅडमना तोंडी सांग, आणि आठ दिवसांत काही झालं नाही तर अर्ज लिहून दे आणि त्याची पोच घे. आत्याला पण सांगून ठेव, लोकल गार्डियनने फोन केला की लवकर हलतं.

जुईनगरच्या_काकू

सगळं छान सांगितलंस ग. बाळा, एवढंच सांगते की गादी घरून आणू नकोस, बार्शीहून गाडीतून आणायला त्रास आणि इथल्या पावसात कापसाची गादी दमट होते. नेरुळ स्टेशनच्या बाहेर, वाशीला फोमच्या मिळतात. बादली, मग, हँगर, दोरी पण इथेच घे. इलेक्ट्रिक केटल हॉस्टेलला चालते का ते आधी विचार, बऱ्याच ठिकाणी सापडली की जप्त करतात. आणि ज्या दिवशी सामान घेऊन येणार त्या दिवशी स्टेडियमला मॅच किंवा कार्यक्रम नाही ना ते बघून या, असेल तर हायवेवरच्या एलपी ब्रिजपासून गाड्या तुंबतात आणि रिक्षावाले यायला तयार होत नाहीत. त्या दिवशी सकाळी लवकर पोचा.